चहा सांडत कसा नाही?

अकरा वाजता तपासणीचे साहेब यायचे होते आणि पावणेअकरालाच तिसरीचा वर्ग काळाकुट्ट झाला होता. खिडक्यांना, झरोक्यांना, दाराच्या फटींनाही काळा कागद. "उजेडाची एकही तिरीप आत येता कामा नये," बाईंनी मुलांना बजावलं होतं. फक्त एका खिडकीच्या कागदाला त्यांनी स्वतः वाटाण्याएवढं भोक पाडलं होतं. त्यातून बाहेरचं मैदान समोरच्या पांढऱ्या भिंतीवर उतरणार होतं.

हेडमास्तरांना असले प्रयोग म्हणजे डोक्याला ताप. मागच्या महिन्यात मुलांच्या ज्वालामुखीने ऑफिसचा गालिचा खाल्ला होता. "आज साहेबांपुढे फजिती झाली, तर उद्यापासून पुस्तक एके पुस्तक," त्यांनी ठणकावलं होतं. पुस्तकातला प्रकाशाचा धडा सुरू झाला की मुलांचे डोळे मिटायला लागतात, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

साहेब आले. दार लागलं. त्यांचा गुडघा बाकावर आपटला.

"बाई, काही दिसत नाही."

"डोळे सरावले की दिसेल, साहेब."

पाच मिनिटांत डोळे सरावले, तरी भिंत काळी ती काळीच. तेवढ्यात हेडमास्तरांनी दार उघडलं. "झालं का?" उजेड भस्सकन आत आला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

बाई चाचपडत खिडकीशी गेल्या. कागद गुळगुळीत!

"इथलं भोक कुठं गेलं?"

"मी बुजवलं, बाई," वर्गातली सगळ्यात आज्ञाधारक मुलगी, चिमणी, अभिमानाने म्हणाली. "दोन कागद लावले. तुम्हीच म्हणालात ना, एकही तिरीप नको!"

साहेब खाकरले. बाईंनी हाताला लागेल ती पेन्सिल उचलली आणि कागदात खुपसली.

भिंतीवर मैदान आलं. खरंखुरं, रंगांसकट आणि उलटं. आभाळ खाली, झाडाचा शेंडा जमिनीकडे, पानं हलताहेत. मग एका बाजूने शिपाईकाका आले, पाय वर, डोकं खाली, हातात चहाचा ट्रे.

"बाई, चहा सांडत कसा नाही?" चिमणीने हळूच विचारलं.

कुणी हसलं नाही. साहेबांनाही तोच प्रश्न पडला होता. "हे सगळं नुसत्या भोकातून?"

"हो साहेब. उजेड सरळ रेषेत चालतो, एवढंच." बाईंनी हे वाक्य शंभरदा शिकवलं होतं, पण आज त्यांच्याच अंगावर काटा आला.

"झालं का?" दार उघडलं. मैदान पुसलं गेलं.

"दार लावा!" पस्तीस मुलं आणि एक साहेब एकदमच ओरडले. "आणि तुम्ही जरा मैदानात जाऊन उभे राहा," साहेबांनी वर जोडलं.

बिचारे हेडमास्तर गेले. हात हलवा म्हटलं, हलवले. उडी मारा म्हटलं, मारली.

"सर उडी मारून खाली गेले!" वर्ग किंचाळला. साहेबांनी त्यांना आणखी अकरा उड्या मारायला लावल्या आणि शेरा न लिहिताच, भिंतीकडे वळून वळून बघत निघून गेले.

शेरा नाही म्हणजे निकाल हेडमास्तरांच्या हाती. ते घामाघूम होऊन आत आले, तेव्हा बाई कागद सोलायला निघाल्या होत्या.

"थांबा, बाई. सगळ्यांनी मला पाहिलं. मीच तेवढा राहिलो."

"सर, तुम्ही बाहेर असताना तुम्हाला आत कसं दिसणार?"

हेडमास्तरांनी विचार केला. मग ते चिमणीशेजारी, गुडघे पोटाशी घेऊन, बाकावर बसले.

"बरं, मग तुम्ही जा बाहेर."

"आणि उद्यापासून पुस्तक?"

"पुस्तक कुठं पळून जातंय? दार लावून घ्या."

बाईंनी भर उन्हात, आजूबाजूला बघत, एक उडी मारली. काळ्या कागदाआडून आवाज आला, "अजून एकदा!" तो मुलांचा नव्हता.