महाराजांच्या मेंडोलिनचा पट्टा

एका जंगलात, बाळांनो, वाघ मेंडोलिन शिकला.

हसू नका. सहलीला आलेली माणसं वाघाला बघून पळाली आणि त्यांचं ते वाद्य गवतात पडून राहिलं. वाघाने ते उचललं, तारा छेडल्या, आणि हळूहळू त्याला एक धून येऊ लागली. अर्धीच. पण राजाची अर्धी धून म्हणजे प्रजेची पूर्ण मैफल. सगळे माना डोलवायचे.

अडचण एकच होती. महाराज उभे राहून वाजवायचे. कलावंत उभा असला की रुबाबदार दिसतो, असं त्यांना तरस दिवाणजींनी सांगितलं होतं. पण उभं राहिलं की मेंडोलिन पोटावरून घसरायचं. ते सावरायचं की वाजवायचं? सुरापेक्षा धडपडच जास्त ऐकू यायची. एकदा तर ऐन रंगात ते महाराजांच्या पायावर पडलं. पुढच्या रांगेतला एक ससा हसला. तो ससा पुन्हा कुणाला दिसला नाही.

"पट्टा हवा," दिवाणजी म्हणाले. "खांद्यावरून घ्यायचा."

"मग आणा."

"असा कसा आणायचा, महाराज? समिती नेमू."

समितीचं अध्यक्षपद नारोपंत चितळांना मिळालं. नारोपंत म्हणजे हरणांतले रसिक. शिंगं डौलदार, बोलणं त्याहून डौलदार. मैफलीत दाद द्यायला सर्वांत आधी त्यांची मान हलायची. सांबर आणि रानडुक्कर सभासद झाले.

सांबराने वेलीची दोरी सुचवली. ती महाराजांच्या खांद्याला काचली. रानडुकराने पळालेल्या माणसांच्या तंबूच्या कापडाची पट्टी आणली. ती महाराजांच्या गुळगुळीत केसांवरून सरकली.

"चामड्याचाच हवा," नारोपंत ठासून म्हणाले. "चामडं सरकत नाही, काचत नाही आणि वापरून वापरून मऊ पडतं."

"वा! याला म्हणतात जाण," दिवाणजी म्हणाले.

चामडं कुणाचं, हे कुणी विचारलं नाही. शहाणी समिती आधी रुंदी ठरवते. रुंदी चार बोटं ठरली. बोटं समितीतल्या तिघांपैकी कुणालाच नव्हती, पण ठराव झाला.

मग रंगाचा विषय निघाला. सांबराचा तपकिरी रंग उदास वाटला. रानडुकराचा काळा फार राठ. हे ऐकून दोघांचेही चेहरे का उजळले, ते नारोपंतांच्या लक्षात आलं नाही.

"ठिपके कसे वाटतात?" दिवाणजींनी विचारलं.

नारोपंत लाजले. "आता मी आपल्या तोंडाने काय सांगू? पण तांबूस रंगावर पांढरे ठिपके... लाकडाला शोभून दिसतील खरे."

ठराव एकमताने मंजूर झाला.

नारोपंत घरी आले ते हवेत तरंगतच. "अगं, आपले ठिपके निवडले!"

त्यांची बायको काशी पाडसाला चाटत होती. ती थांबली. "ठिपके निवडले म्हणजे? आणणार कुठून?"

"नक्षी निवडली गं. नक्षी!"

"नक्षी कशावर असते, अहो?"

"हेच तुझं. एवढा मान मिळाला आणि तू काढतेस बारीकसारीक खुसपटं."

"उद्या जाऊ नका. आपण नदीपलीकडे जाऊ. माझं एवढं ऐका."

"अध्यक्षच गैरहजर? लोक काय म्हणतील?"

दुसऱ्या दिवशी मापं झाली. दिवाणजींनी वेलीने महाराजांच्या डाव्या खांद्यापासून पाठीवरून उजव्या कमरेपर्यंत माप घेतलं. मग तीच वेल त्यांनी नारोपंतांच्या मानेपासून शेपटीपर्यंत लावली. "अगदी बरोबर!"

"कसलं बरोबर?" नारोपंतांनी विचारलं. ते एक पाऊल मागे सरले. पण सगळे त्यांच्याकडे आदराने बघत होते. मग घसा साफ करून ते म्हणाले, "लांबी थोडी जास्त ठेवा. जास्तीची कमी करता येते, कमीची वाढवता येत नाही."

हे त्यांचं शेवटचं मत. ते समितीने मान्य केलं.

पुढच्या मैफलीला पट्टा झळकला. चितळांचा कळप पुढे धावला. "आपले नारोपंत! थेट महाराजांच्या खांद्यावर!" कुणाचे डोळे भरून आले. काशीला मुद्दाम बोलावून आणलं होतं. तिने जवळ जाऊन पट्ट्याला नाक लावलं. बराच वेळ लावून ठेवलं. ती नमस्कार करते आहे असं वाटून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाडसाला घेऊन तिने नदी पार केली आणि पुन्हा आली नाही.

"अभिमान कशाशी खातात ते तिला ठाऊक नाही," कळप म्हणाला.

आता मैफली वाढल्या. मैफलीनंतरची जेवणं वाढली. महाराजांचं पोटही वाढलं. पट्टा सैल करत करत शेवटच्या भोकावर आला, तरी मेंडोलिन वर वर सरकून महाराजांच्या हनुवटीला टेकू लागलं.

दिवाणजींनी नवी समिती जाहीर केली. अध्यक्षपदासाठी चितळांत अशी झुंबड उडाली की दोघांची शिंगं मोडली. "एकाच घराण्यानं किती मिरवायचं?" असं म्हणत नारोपंतांचे शेजारी भिकाजी पुढे घुसले आणि अध्यक्ष झाले.

बैठक लांबली. रुंदीवरच वाद पेटला. ताटकळून महाराजांचे पाय दुखायला लागले, तसे ते एका दगडावर बसले. पट्टा काढून ठेवला. मेंडोलिन मांडीवर घेतलं आणि सहज तारा छेडल्या.

मेंडोलिन घसरलं नाही. धून निघाली. त्या दिवशी पहिल्यांदाच ती शेवटपर्यंत गेली.

महाराज चकित झाले. "अरे, बसून छान वाजतं की! पट्टा लागतच नाही!"

दिवाणजींनी मापाची वेल घाईघाईने पाठीमागे लपवली.

पण भिकाजी पुढे आले आणि नम्रपणे म्हणाले, "महाराज, उभे राहा. आमची मापं व्हायची आहेत."

प्रजेचं मन कसं मोडायचं? महाराज उभे राहिले.

तात्पर्य : वाद्याचा पट्टा निवडताना तो मऊ आहे, टिकाऊ आहे आणि अंगाला शोभतो, एवढंच बघावं. तो कुणाचा, असं जो विचारतो त्याला संगीतातलं काहीही कळत नाही.