एकवीस वर्षांचं पॉलिश

"दोन तासांचं काम! फार तर अडीच!" असं म्हणून जावईबापूंनी बाह्या वर सारल्या. जन्मात कधी स्वतःची गाडीसुद्धा न धुतलेल्या माणसाने इतकं ठासून बोलू नये. पण बोलले! दोन दिवसांत त्यांनी मोबाइलवर गाडी धुण्याचे नऊ व्हिडिओ पाहिले होते. नऊ व्हिडिओ पाहिलेल्या माणसाला कोण अडवणार?

गाडी सासऱ्यांची होती. सासरे म्हणजे जुने पॉलिशवाले. कपाटं, टेबलं, पलंग, खुर्च्या... चाळीस वर्षं त्यांनी लोकांचं फर्निचर चकाकवलं. "आपण पॉलिश केलेल्या कपाटात बघून माणसानं दाढी करावी!" असं ते सांगायचे. पुढे वय झालं, धंदा बंद केला, पण एक गिऱ्हाईक काही सुटलं नाही, ते म्हणजे ही गाडी. एकवीस वर्षं, दर रविवारी, न चुकता ते तिला आपल्या हाताने मेण लावत. तेही बाजारचं नाही हं! मेण, टर्पेंटाइन आणि आणखी कसलंसं गुपित, असं स्वतः डब्यात कढवलेलं. लाकडाला चालतं ते पत्र्याला का चालू नये, असा त्यांचा सवाल. पाहुणा आला की चहाच्या आधी गाडी. "हात लावू नका, नुसतं बघा! काल शोरूममधून आणल्यासारखी आहे की नाही?" पाहुणा बिचारा "वा!" म्हणायचा, कारण चहा अजून यायचा असायचा.

खरं काय ते सगळ्यांना दिसत होतं. गाडी पिवळट, चिकट, गुळाच्या ढेपेसारखी झाली होती. दिसत नव्हतं ते एकट्या सासऱ्यांना, कारण त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. काल एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. आज दुपारी चार वाजता पट्टी निघणार होती. डॉक्टर म्हणाले होते, "आता बघा, सगळं लख्ख दिसेल!"

हे ऐकून घरातले सगळे खूश झाले आणि सासूबाई खिडकीतून गाडीकडे बघू लागल्या.

"सगळं म्हणजे गाडीसुद्धा दिसेल ना हो, जावईबापू!" त्या म्हणाल्या. "घरी आल्या आल्या ते काही माझं तोंड बघणार नाहीत, गाडी बघतील. आणि ती ही अशी! माझे हात कामातून गेले, असं घेऊन बसतील. अहो, त्या हातांच्या जिवावर तर हा माणूस उभा आहे."

बोलता बोलता सासूबाईंचे डोळे भरून आले. जावईबापूंनाही फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की ते नेहमी जे करतात तेच त्यांनी केलं. फुशारकी मारली.

सकाळी दहाला ते अंगणात उतरले. दोन बादल्या, गाडीचा खास शाम्पू, सात मऊ फडकी, रबरी हातमोजे आणि नव्या मेणाची डबी, असा सगळा सरंजाम ओळीने मांडला. बायको पायरीवर येऊन बसली.

"अहो, हिचंही ऑपरेशन आहे का?"

"तू नुसती बघ!" असं म्हणत त्यांनी पहिली बादली टपावर ओतली. पाणी घरंगळलं ते थेट त्यांच्या बुटात! गाडी कोरडी ठणठणीत. दुसरी ओतली. अळवावरचं पाणी परवडलं, ते निदान घडीभर थांबतं तरी! शाम्पू चोपडला, तर फेस घसरगुंडी करत खाली आला. अर्ध्या तासात जावईबापू नखशिखान्त स्वच्छ झाले. गाडी होती तशीच.

"घासा की जरा जोर लावून! घरी तर बरणीचं झाकणही मलाच उघडावं लागतं!"

आता मात्र त्यांना चेव आला. पुढच्या दारावर एकच जागा धरून त्यांनी दातओठ खात घासायला सुरुवात केली. आधी फडक्याने, मग नखाने. नखाखाली काहीतरी पिवळसर आलं. सालपट! त्यांनी ते हळूच ओढलं, तर तळहाताएवढा पोपडा सुटून हातात आला. आणि त्याच्याखाली पांढरं!

जावईबापूही पांढरेफटक पडले.

"रंग निघाला गं," ते पुटपुटले.

"काय!" बायको पायरीवरून उडालीच. "बाबांच्या गाडीचा रंग काढलात? अहो, पुसायला सांगितली होती, सोलायला नाही!"

"ओरडू नकोस! आई ऐकतील!"

आता काय करायचं? बायको आतून कोरा चहा घेऊन आली आणि कापसाने त्या पांढऱ्या डागावर थापू लागली. चहा खाली ओघळला आणि डाग हसत बाहेर आला. मग जावईबापूंना आपल्या तपकिरी बुटांचं पॉलिश आठवलं. दोन बोटं भरून फासलं. आता तो डाग राहिला नाही, गाडीला जखम झाल्यासारखं दिसायला लागलं!

नेमक्या त्याच वेळी सासूबाई काय चाललंय ते बघायला बाहेर आल्या.

त्यांनी जी किंकाळी फोडली, ती ऐकून कुंपणापलीकडचे पेंटर हातात ब्रश घेऊन धावत आले. पेंटर म्हणजे घरं रंगवणारे, शेजारी, आणि न विचारता सल्ला देण्यात पहिला नंबर. पण आज देव भेटल्यासारखं झालं. त्यांनी दारावर नख ओढलं, वास घेतला, डोळे मिटून पुन्हा वास घेतला.

"कोण म्हणतं रंग गेला? हे मेण आहे मेण! थरावर थर, थरावर थर! खालचा रंग बघा, एक ओरखडा नाही!"

"पण खाली पांढरं कसं?" जावईबापूंनी विचारलं. "गाडी तर मधाच्या रंगाची आहे."

"हो ना," बायको म्हणाली. "पहिल्यापासून."

सासूबाई पुढे सरकल्या. त्या डागाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हळूच तोंडावर हात ठेवला.

"अगं बाई! पांढरीच होती की गाडी!"

"काय?"

"पांढरीच आणली होती! मीच तर रंग पसंत केला होता! मेलं रोज बघता बघता लक्षातच राहिलं नाही!"

"म्हणजे लहानपणी मी ज्या पांढऱ्या गाडीतून शाळेत जायचे..."

"हीच गं ती!"

"मला वाटत होतं ती आपण विकली!"

पेंटरांनी घसा खाकरला. "हे बघा, आता उपाय दोन. हा डाग पुन्हा मेणाने बुजवायचा, तर एकवीस वर्षं लागतील. नाहीतर सगळी गाडी सोलायची. चार वाजेपर्यंत."

घड्याळात साडेअकरा वाजले होते. तळहाताएवढी जागा सोलायला अर्धा तास लागला होता. एका गाडीत असे तळहात किती, याचा हिशेब जावईबापूंनी मनात सुरू केला आणि पहिल्या दारातच सोडून दिला.

मग जी झुंबड उडाली म्हणता! पेंटरांनी आपल्याकडचं टर्पेंटाइन आणलं. बायको केस वाळवायचं यंत्र लांबलचक वायर जोडून घेऊन आली आणि गरम हवेने मेण मऊ करू लागली. सासूबाईंनी लाकडी उलथनं उपसलं. "पातेल्याच्या बुडाचं करपलेलं काढायला शिकवू नका मला!" असं म्हणत त्यांनी एकटीने अख्खं बॉनेट ताब्यात घेतलं. जावईबापूंच्या हाताला काहीच लागेना, तेव्हा त्यांनी खिशातून ऑफिसचं ओळखपत्र काढलं. प्लास्टिकचं, कडा गोल, ओरखडा पडायची भीती नाही! फक्त तासाभराने त्यावरचा त्यांचा फोटो पुसून गेला आणि नाव तेवढं राहिलं.

"वरून खाली ओढा!" पेंटर ओरडत. "अहो, खालून वर नाही! फाईल पुढे सरकवताय का?"

अंगणात मेणाचा ढीग साचला. मुंग्यांनी येऊन पाहणी केली आणि टर्पेंटाइनच्या वासाने तोंड फिरवलं. जावईबापूंचे खांदे भरून आले, बोटं वाकडी झाली, पण एकेक दार उजळत होतं आणि खरं सांगायचं तर त्यांना मजा यायला लागली होती. फायलींचा ढीग कमी होताना असं कधी झालं नव्हतं.

दोन वाजता फोन वाजला. मेहुणा बोलत होता. सासऱ्यांना आणायला तोच आपल्या गाडीने गेला होता.

"ताई, डॉक्टर लवकर आले! पट्टी काढली! निघालोय, वीस मिनिटांत घरी!"

चौघांनी गाडीकडे पाहिलं. डावी बाजू पांढरीशुभ्र. उजवी बाजू गूळ.

"उजवी बाजू भिंतीला चिकटवून उभी केली तर?" जावईबापू म्हणाले.

"बाबा गाडीभोवती प्रदक्षिणा घातल्याशिवाय घरात शिरलेत कधी?" बायकोने फोन तोंडाशी धरला. "अरे, बाबांना जरा फिरवून आण ना!"

"फिरवून? ताई, ते पुढेच जाऊ देत नाहीयेत! प्रत्येक पाटी वाचतायत! ऐक तूच!"

फोनमधून सासऱ्यांचा खणखणीत आवाज आला. "'येथे वाहन उभे करू नये!' वा! काय सुरेख अक्षर! थांब रे, थांब, ती पलीकडची वाचू दे! 'दुखल्याशिवाय दात काढून मिळतील!' अरे, झाडाला पानं आहेत! वेगवेगळी! एकेक दिसतंय मला!"

"एकाच चौकाला तिसरी फेरी आहे ही," मेहुणा रडकुंडीला येऊन म्हणाला.

"चौथी मार!" बायको म्हणाली. सासूबाई फोनला कान लावून ऐकत होत्या आणि एकाच वेळी हसत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या. मग नाक ओढून त्यांनी उलथनं पुन्हा उचललं. "चला! बघत काय बसलात? त्या माणसाला आता पानंसुद्धा दिसतायत!"

शहरातल्या पाट्या संपायला दीड तास लागला. साडेतीनला शेवटचं दार झालं. नव्या मेणाचा एकच पातळ हात फिरवला, फडक्याने पुसून घेतला, आणि गाडी अशी झळकली की पेंटरांनीही दोन पावलं मागे होऊन मान डोलावली. तेवढ्यात फाटकाबाहेर हॉर्न! फडकी, बादल्या, मेणाचा ढीग, सगळं जिन्याखाली ढकललं आणि चौघे ओळीत उभे राहिले.

सासरे काळा चष्मा लावून उतरले. कुणाकडे न बघता सरळ गाडीपाशी गेले. चष्मा काढला. मेहुणा "बाबा, ऊन!" म्हणून ओरडला, पण ऐकतो कोण!

त्यांनी टपाकडे बघितलं, बॉनेटकडे बघितलं, खाली वाकून दाराच्या चकाकीत स्वतःचा चेहरा बघितला. जावईबापूंनी हात पाठीमागे लपवले. ओळखलं वाटतं!

"बघा," सासरे म्हणाले. "बघा रे सगळे! एकवीस वर्षं! जशी आणली तशी! पांढरीशुभ्र!" मग त्यांनी आपले दोन्ही हात वर धरून नव्या डोळ्याने निरखून पाहिले. "या हातांनी!"

"बाबा, डॉक्टरांनी रडायचं नाही सांगितलंय!"

"मी कुठे रडतोय? डोळा नवा आहे, त्याला सवय नाही!"

पेंटरांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. सासूबाईंनी त्यांच्या पायावर पाय दिला. जावईबापू एरवी ऑफिसात एक टाचणी उचलली तरी चार जणांना सांगणारे! पण त्या म्हाताऱ्या चेहऱ्याकडे बघून त्यांना इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की श्रेय-बिय सगळं विसरूनच गेले. सासरे मिरवत मिरवत गाडीच्या मागे गेले.

"आणि हे काय?"

सगळे मागे धावले. डिकीच्या कडीखाली बशीएवढा एक तुकडा राहून गेला होता! पिवळा, चिकट, गुळासारखा. एकवीस वर्षांचा, अस्सल, खास सासऱ्यांच्या हातचा.

"कुणी केलं हे?" सासरे कडाडले. त्यांनी त्यावर बोट फिरवलं, वास घेतला आणि शोधक नजरेने सगळ्यांकडे पाहिलं. जावईबापूंची नखं पिवळीधमक होती आणि अंगाला टर्पेंटाइनचा घमघमाट सुटला होता. "जावईबापू! तुम्ही गाडीला हात लावलात?"

"हो... म्हणजे... जरासा."

"जरासा? अहो, काय हे काम! थर सारखा नाही, चमक नाही, धूळसुद्धा आत अडकवलीत! माझ्या कारखान्यात कुणी असा हात मारला असता, तर त्याच दिवशी घरी पाठवला असता!"

बायको पुढे सरसावली. जावईबापूंनी तिचा हात दाबला.

"चुकलं," ते म्हणाले.

सासऱ्यांना लगेच दया आली. "असू दे, असू दे. प्रत्येकाला सगळं कुठून येणार! फडकं घ्या. मी सांगतो तसं काढा. गोल गोल. दाबू नका. हं! मनगट सैल!"

उचलता न येणाऱ्या खांद्याने जावईबापूंनी तो शेवटचा तुकडाही काढला. सासरे मागे हात बांधून उभे होते. "आता माझा मेणाचा डबा आणा," असं त्यांनी म्हणताच घरातले सगळे एका सुरात ओरडले, "संपला!"

आताशा पाहुणा आला की सासरे गाडी दाखवतात आणि शेवटी डिकीपाशी आणून थांबवतात. "एकवीस वर्षांत इथे एकच डाग पडला. आमच्या जावयाच्या हातचा! पण मी उभा राहून काढून घेतला." पाहुणा जावईबापूंकडे बघून चुकचुकतो. जावईबापू मान खाली घालतात. सासऱ्यांच्या हातचं असं साऱ्या गाडीवर तेवढंच तर एक उरलं होतं!