शेवरीच्या कपाळावरची फुलं

एका जंगलात चितळांचा एक खानदानी कळप राहत होता. खानदानी म्हणजे काय, बाळांनो? ज्या घरात दुखणं लपवायला भरपूर जागा असते, ते घर खानदानी.

त्या कळपात शेवरी नावाची तरुण हरिणी होती. एके सकाळी तिच्या कपाळावर शिंगांचे दोन कोंब दिसले. चितळांत शिंगं फक्त नरांना येतात. नराला आली की कळप नाचतो. शेवरीला आली, तर आई खुरांत तोंड लपवून रडली.

त्याआधी दोन वर्षं शेवरीची पाळी चुकत होती. कातडी तेलकट झाली होती, पाठभर पुटकुळ्या होत्या, जरा पळालं की धाप लागायची. त्यासाठी कुणी रडलं नव्हतं. ते काय, आतलं होतं. शिंगं लोकांना दिसत होती.

लगेच साळिंदरशास्त्रींना बोलावणं गेलं. अंगभर काटे घेऊन फिरणाऱ्या या गृहस्थांनी दोन कोंब पाहिले आणि नाक मुरडलं.

"लग्न झालं की आपोआप जातील," ते म्हणाले.

"कसं काय?" शेवरीनं विचारलं.

"असे प्रश्न विचारल्यानंच वाढतात ही."

लग्न होईपर्यंत मग उपाय ठरला. रोज सकाळी, कळप चरायला निघायच्या आत, आई तिला खडकापाशी न्यायची. कोवळ्या शिंगांवर मखमल असते आणि मखमलीखाली रक्त. आई शिंगं खडकावर घासायची, शेवरी दात आवळायची. वर पळसाच्या फुलांची वेणी बसवली की झाली मुलगी तयार. मैत्रिणी म्हणायच्या, "काय गं बाई रोजचं नटणं!"

एके दिवशी रक्त थांबेना. शेवरी कुणाला न सांगता ओढ्यावर गेली. तिथं जळूबाई बसायच्या. त्या आधी रक्त तपासायच्या, मग बोलायच्या. साळिंदरशास्त्रींचं बरोबर उलटं. म्हणून शास्त्री त्यांना अडाणी म्हणायचे.

जळूबाईंनी थेंबभर रक्त चाखलं. "ज्याला नराचा रस म्हणतात ना, तो वाढलाय तुझ्यात. थोडा प्रत्येक मादीत असतोच. तुझ्यात जास्त झालाय."

"माझं काही चुकलं का?"

"तो काय तुला विचारून वाढला? हा पाला घे. नेमानं खायचा. रोज पळायचं. मोहाच्या गोड फुलांवर तुटून पडायचं नाही. सहा महिन्यांनी पुन्हा रक्त बघू. मुळासकट जाईलच असं नाही, पण आवाक्यात राहतं. आणि शिंगं घासायची की ठेवायची, ते तू ठरव. घासून आजार जात नाही, एवढं खरं."

शेवरी पाला घेऊन घरी आली. कळपाचे कर्ते म्हणजे मोठे काका. त्यांची शिंगं इतकी पसरलेली, की दिवसाआड कुठल्या ना कुठल्या झाडात अडकायची.

"औषध? लग्नाआधी?" काका कडाडले. "मुलाकडच्यांना कळलं म्हणजे? आधी लग्न. मग खा काय खायचा तो पाला!" आणि त्यांनी तो पायाखाली तुडवला.

मुलाकडचे डोंगरापलीकडचे. तिकडं लग्न ठरलं, की ओढा सुटला, जळूबाई सुटल्या. मग जन्मभर खडक.

रविवारी पाहुणे आले. मुलगा गवत खात उभा राहिला. त्याला एवढंच येत होतं. बघायचं काम त्याच्या आईकडं.

"चालून दाखव. हं. मान वळव. आता ती फुलं काढ बरं, कपाळ बघू दे."

काका खोकले. आई घाईघाईनं म्हणाली, "फुलं फार आवडतात हो तिला!"

शेवरीनं त्या बाईंकडं पाहिलं. पळसाचा बहर सरून महिना झाला होता. तरी शेवरीसारखीच बाईंच्या कपाळावरही वेणी होती. सुकलेली, जपून ठेवलेली. तिच्या कडेनं एक ताजा लाल ओघळ उतरत होता. सुकल्या फुलांना असा रंग सुटत नाही.

"काढते की," शेवरी म्हणाली. "पण तुम्हीही काढा, मावशी. लाजू नका. याला औषध आहे, ओढ्यावरच्या जळूबाई देतात." आणि तिनं आपली वेणी काढून खाली ठेवली.

बाई ताडकन उठल्या. "असली शिंगाळ पोरगी आमच्या घरात? सात पिढ्यांत असलं काही झालं नाही आमच्याकडं!" बोलता बोलता वेणी घसरली. ती त्यांनी खुरानं वर ढकलली.

काका शेवरीला कुलबुडवी म्हणाले. शिंगं फांदीत अडकली होती, म्हणून जागच्या जागीच म्हणाले.

पाहुणे निघाले. पाणी प्यायचं निमित्त करून मुलाची आई मागं रेंगाळली. शेवरीजवळ आली, भलतीकडंच बघत पुटपुटली, "ती जळूबाई... कुठल्या काठाला बसते गं?"

"अलीकडच्या, मावशी. उंबराखाली. लवकर या, मोठी रांग असते. सगळ्या फुलं माळून आलेल्या असतात."

तात्पर्य: बाळांनो, मोठ्यांचं नेहमी ऐकावं. मुलीचं दुखणं लग्नापर्यंत नीट दाबून ठेवावं. म्हणजे पुढं ती सून बघायला जाईल, तेव्हा कपाळावर नेमकं काय शोधायचं ते तिला कुणी शिकवायची गरज पडत नाही.