तीन नंबरचा कॅम

धम्मानंदचं लग्न झालं ते दोन हजार तेवीसच्या उन्हाळ्यात. धम्मानंद म्हणजे मुदखेडच्या केवळाबाईचा धाकटा. त्याच उन्हाळ्यात त्याचा चुलतभाऊ आनंदराज याने आपल्या चांगल्या चालत्या गाडीचं इंजिन उघडलं.

आनंदराज नांदेडला सरकारी ऑफिसात होता. गाडी छोटी, पांढरी, जुनी. तीच ऑफिसला, तीच बायकोला शाळेत सोडायला, तीच वडलांच्या दवाखान्याला. पण त्याचं मन हैदराबादच्या अलीकडच्या एका ट्रॅकवर अडकलं होतं. तिथे ठरावीक रविवारी कोणीही आपली रोजची गाडी नेऊन मोकळ्या वळणांवर हौस फिटेपर्यंत पळवू शकतो. समोरून म्हैस येत नाही, गतिरोधक लागत नाही. आनंदराज एकदा मित्राबरोबर बघायला गेला आणि जाळीबाहेर उभा राहून आला. तेव्हापासून उसाच्या ट्रॉलीमागे अडकला की तो मनातल्या मनात ती वळणं घ्यायचा, आणि मागचे लोक हॉर्न वाजवायचे.

आडवा येत होता तो रविवार. त्यांच्या लोकांत मुहूर्त बघत नाहीत, सुट्टी बघतात. म्हणून सगळी लग्नं रविवारी. गाडी पांढरी आणि मालक घरचा, त्यामुळे भावकीतल्या प्रत्येक नवरदेवाला तीच गाडी लागे. निळी फीत, झेंडूच्या माळा, पुढे बँड, आणि गाडी बैलाच्या चालीने मागे.

"एक दिवस जाणारच," तो बायकोला, बुद्धप्रियाला, म्हणायचा.

"जावा की. येताना भाजी आणा," ती म्हणायची.

ट्रॅकवर जायचं तर इंजिनात दम हवा, म्हणून त्याने कॅमशाफ्ट बदलायचं ठरवलं. इंजिनाच्या झडपा कधी उघडायच्या आणि किती वेळ उघड्या ठेवायच्या, हे ठरवणारा तो दांडा. विकणारा कोइमतूरचा. त्याच्याकडे एक ते तीन असे नंबर होते. त्याने फोनवर तुटक्या हिंदीत समजावलं, की मोठ्या नंबरात झडप जास्त वेळ उघडी राहते, पळताना इंजिन भरपूर श्वास घेतं. पण तोंड उघडं टाकून झोपणारा माणूस जसा घोरतो, तशी ती गाडी हळू चालवली की कुरकुरते. रोज वापरायची असेल तर एक नंबर घ्या.

"हळू चालवायचं काम पडतं का?" विकणाऱ्याने विचारलं.

"छे, ऑफिस आणि हायवे," आनंदराज म्हणाला. मिरवणुका त्याला आठवल्याच नाहीत. त्या त्याच्या लेखी गाडी चालवण्यात जमाच नव्हत्या.

व्यंकट मिस्तरीने असलं इंजिन फक्त मोबाइलवर ऐकलं होतं. त्याचा जीव तीन नंबरवर. "सर, पुन्हा पुन्हा थोडंच खोलून राहिलो आपण? घ्यायचा तर मोठाच घ्या."

आनंदराजला ते पटलं. त्याला लहानपणी चप्पल नेहमी एक बोट मोठी मिळायची, पोर वाढतं म्हणून. गाडीही वाढेल, असं त्याने कुठेतरी धरलं असावं. तीन नंबर मागवला.

बसवला त्या दिवशी मारोतीराव अंगणात आले. आनंदराजचे वडील, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. उभी गाडी थरथरत होती, आचके देत होती.

"काय झालं हिला?"

"कॅम मोठा घातला, बाबा."

"घरात एकच गाडी, आन तिला तू हिवताप आणून ठिवला!"

"पळवली की बरी होते."

"कुठं पळवतू? देगलूर नाक्यापासून शिवाजी पुतळ्यापस्तोर?"

येत्या रविवारची ट्रॅकची जागा आनंदराजने धरली होती. गुरुवारी केवळाबाईचा फोन आला. विहाराच्या हॉलवाल्याने तारीख बदलली होती.

"आनंद्या, लग्न ह्याच रविवारी. गाडी धुवून आण."

"काकू, ह्या रविवारी मला—"

"तुला काय? लग्न तुझं हाय का?"

रविवारी गाडी मुदखेडला माळा घालून उभी राहिली. आत नवरदेव, पुढच्या सीटवर केवळाबाई. सिद्धराम बँडवाल्याने सुरुवात केली. गाडी चार पावलं गेली आणि बंद पडली. चालू केली, उडी मारली, पुन्हा बंद. थरथरीने झेंडू गळायला लागला.

"हिला थंडी वाजून राहिली का रं?"

"काकू, जरा जास्त रेस ठेवावी लागते."

त्याने रेस ठेवली. गाडीने असा आवाज काढला की नाचणारी पोरं टाळ्या वाजवायला लागली आणि सनई कोणालाच ऐकू येईना. सिद्धराम काचेपाशी आला.

"साहेब, ताल आम्ही धरायचा का तुम्ही?"

रेस कमी केली तर गाडी बंद पडे. वाढवली तर नाचणाऱ्यांच्या अंगावर जाई. मग आनंदराजने अर्धा क्लच दाबून धरला, आणि विहाराच्या अलीकडच्या चढावर जळका वास सुटला.

"कुणाची भाजी लागली?" केवळाबाईने विचारलं.

लागला होता क्लच. गाडी तिथेच बसली. नवरदेव उतरायला निघाला, तर केवळाबाईने त्याला हाताने मागे ढकललं. "बस गप! माझं लेकरू पायी जाणार न्हाई." म्हणून नाचणाऱ्या पोरांनी गाडीला धक्का मारला. बँडने त्यावर ताल धरला. फेटा कपाळावर घसरलेला नवरदेव विहाराच्या दारात ढकलत आणला गेला.

दारात नवरीची आत्या गुणाबाई उभी होती. तिने गाडी बघितली, घामाघूम पोरं बघितली, नवरदेव बघितला.

"गाडीचं जाऊ द्या," ती म्हणाली. "पोरगं तर आपोआप चालू होतं न्हवं? का त्यालाबी धक्का लागतू?"

दोन्हीकडची माणसं हसून हसून खाली बसली. फक्त केवळाबाई हसली नाही. वंदना झाली, लग्न लागलं, जेवणं झाली. मग तिने भर मांडवात सांगितलं, "आजपासून भावकीतल्या कुण्याच नवऱ्याला ह्या गाडीत बसवायचं न्हाई. ज्याला इज्जत हाय त्यानं दुसरी बघावी."

ट्रॅकवर त्या वेळी गाड्या पळत असतील. आनंदराज टेम्पोच्या पुढच्या सीटवर बसून, ओढून नेली जाणारी आपली गाडी आरशात बघत नांदेडला आला.

क्लच बदलताना व्यंकट ओशाळून म्हणाला, "सर, काढू का तीन नंबर? एक नंबर मागवू."

आनंदराजलाही तेच वाटत होतं. पण महिना गेला, दुसरा गेला, आणि एकाही लग्नाचा फोन आला नाही. लोक त्याच्या घरावरून दुसऱ्याची गाडी सजवून नेत. कोणी मागितलीच तर दुसरा सांगे, "ती नको, ती धक्क्याची हाय." असे मोकळे रविवार आनंदराजने नोकरी लागल्यापासून पाहिले नव्हते.

"हात लावू नको," त्याने व्यंकटला सांगितलं. "आहे तोच कॅम बरा."

जानेवारीत ट्रॅकची जागा मिळाली. मारोतीराव म्हणाले, "मीबी येतो. बघू दे काय एवढं हाय तिथं." गावातून बाहेर पडेपर्यंत ते गाडीला शिव्या देत होते. मोकळ्या रस्त्यावर आनंदराजने पाय दाबला. आचके थांबले. इंजिन एका सुरात गायला लागलं. मारोतीराव पुढे वाकून आवाज ऐकायला लागले.

"बाबा?"

"मला एसटीनं गाडी दिली, पर स्पीडला कुलूप घालून दिली. पाय दाबला तरी खाली लाकूड ठिवल्यावाणी. सगळी नोकरी तशीच गेली," ते म्हणाले, आणि खिडकीतून बाहेर बघत राहिले.

ट्रॅकवर नियम होता, एका गाडीला एकच चालवणारा. तिथली एक मुलगी मनगटाची पट्टी घेऊन आली. कोणाला बांधू, विचारलं. हेल्मेट आनंदराजच्या हातात होतं. ट्रॅकवर एक लाल गाडी वळण घेत होती. मारोतीराव आपल्या गाडीच्या टपावर हात ठेवून तिच्याकडे बघत होते.

आनंदराजने हेल्मेट बघितलं. मग पुढे केलं.

"बाबा, लायसन आहे ना जवळ?"

"लायसन जित्तं हाय," मारोतीरावांनी हात पुढे केला.

पहिली फेरी त्यांनी एसटीसारखी मारली. प्रत्येक वळणाला इंडिकेटर दिला, एका वळणावर हॉर्नही दिला. लोक हसले. दुसऱ्या फेरीला हॉर्न वाजला नाही. तिसऱ्या फेरीला गाडी जाळीसमोरून अशी गेली की हसणारे मागे सरकले. आनंदराज मागच्या वेळी होता तिथेच, जाळीच्या बाहेर, उभा होता. त्याच्या पायाखाली काही नव्हतं, तरी तो पाय दाबत होता.

वेळ संपली. मारोतीराव उतरले. हेल्मेट डोक्यात अडकलं होतं, ते दोघांनी मिळून ओढून काढलं.

"कसं वाटलं?"

मारोतीरावांनी बॉनेट उघडून इंजिन बघितलं.

"आनंद्या, ह्याच्यापेक्षा मोठा कॅम भेटत न्हाई का रं?"

येताना त्यांनी दोनदा सांगितलं, "पुढच्या बारीला तू चालव. मी बाजूला बसतो." पुढची बारी उन्हाळा संपल्यावर, जूनमध्ये होती.

मारोतीराव नांदेडच्या घरी चौदा मे दोन हजार चोवीसला, मंगळवारी, वारले.