टिटवीबाईंची मालिका आणि शहाणं यंत्र

एका जंगलात, बाळांनो, रोज संध्याकाळी टीव्हीवर एक मालिका लागायची. तिचं नाव 'मध कुणी खाल्ला?'. त्यातली सासू घोरपड आणि सून हरिणी. कशी, ते विचारू नका, मालिकेत चालतं. सासूला वाटायचं, मध सुनेनंच खाल्ला. खरं काय ते सुनेला ठाऊक होतं. पण तिनं तोंड उघडलं, की हातातलं ताट पडायचं आणि भाग संपायचा.

ही मालिका टिटवीबाई लिहायच्या. जंगलातली पिल्लं लहानाची मोठी झाली, पण मधाचा उलगडा काही झाला नाही. लिहिण्याच्या बदल्यात टिटवीबाईंना स्टुडिओची गच्ची राहायला मिळाली होती. तिथेच त्यांनी अंडी घातली होती. खाली माळावर साप फिरत.

एके दिवशी वाहिनीचे मालक सिंहमहाराज कृत्रिम बुद्धीचं यंत्र घेऊन आले.

"यापुढे हे लिहील. याला गच्ची लागत नाही," महाराज म्हणाले. "तुम्ही अंडी हलवा."

"महाराज, पिल्लं बाहेर यायची आहेत अजून!"

"मग त्यांना जरा घाई करायला सांगा."

टिटवीबाईंना रडूच फुटलं.

यंत्रानं जुने सगळे भाग क्षणात वाचले आणि नवा भाग लिहिला. त्यात सून म्हणाली, "आई, मध मुंग्यांनी खाल्ला. मी पाहिलं." सासू म्हणाली, "अगं बाई, आधी नाही का सांगायचं!" दोघींनी चहा घेतला. मालिका संपली.

सगळं जंगल टीव्हीसमोर नुसतं बसून राहिलं. आता करायचं काय, कुणालाच सुचेना.

सिंहाच्या गुहेत जेवणं चालली होती. सिंहिणीनं टीव्ही बंद केला आणि ती नवऱ्याकडे वळली.

"बरं झालं, बोलायला वेळ मिळाला. अहो, आपल्या घरात शिकार कोण करतं आणि आधी जेवतं कोण?"

महाराजांच्या हातून ताट पडलं. पण भाग काही संपेना.

उजाडताच महाराज धापा टाकत गच्चीवर आले. "टिटवीबाई, वाट्टेल ते करा, पण त्या दोघींचं पुन्हा बिनसवा!"

"आणि माझी अंडी?"

"राहू द्या हो इथेच! पिल्लंही राहू द्या!"

टिटवीबाईंनी आनंदानं लिहायला घेतलं. सुनेनं पाहिलेल्या मुंग्या त्या नव्हत्याच, त्यांच्या जुळ्या बहिणी होत्या. यंत्रालाही त्यांनी काम दिलं. सुनेनं तोंड उघडलं, की ते ताट पडल्याचा आवाज काढतं.

तात्पर्य : बाळांनो, दोन शब्द बोलून भांडण मिटतं, हे यंत्रालासुद्धा कळतं. म्हणून घरात कुणी मनातलं बोलू लागलं, तर टीव्हीचा आवाज थोडा वाढवावा.