बुटका काही मरेना

मेलेला लांडगा डॉक्टरांना पुन्हा चावला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "असू द्या भावोजी, चावू द्या."

भावोजींच्या हातातले फासे हातातच राहिले. "म्हणजे तो मेला होता का?"

"मघाशीच. पण काही हरकत नाही. माझ्याकडे अजून बराच जीव आहे."

हे सगळं जेवणाच्या टेबलावर चाललं होतं. खेळ गोष्टीचा होता. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतले वीर व्हायचं, आणि वार लागला की हुकला हे फाशांना विचारायचं. दातांचे डॉक्टर तलवारबाज होते. वाचनालयातल्या बाई चोर होत्या. भावोजींची मेहुणी जादूगारीण होती, आणि तिच्यामुळेच सगळे त्यांना भावोजी म्हणत. गोष्ट सांगायची ती भावोजींची बायको. दर रविवारी दुपारी ती सांगायची आणि भावोजी चहा करायचे. मग बायको गेली, आणि चहा करणारा माणूस एकदम गोष्टीच्या खुर्चीवर येऊन बसला.

गोष्ट त्यांना कशीबशी रेटता यायची. घोडं अडायचं ते लढाईत. कोणाची पाळी, कोणाचा किती जीव उरला, कोण बेशुद्ध, कोण मेलं, हे सगळं बायको डोक्यात ठेवायची आणि वर डॉक्टरांशी भांडायचीही. भावोजींच्या डोक्यात एका वेळी एकच लांडगा मावायचा. दुसरा आला की पहिला कुठे गेला ते त्यांना कळायचं नाही.

त्या दिवशी ते चहा आणायला आत गेले, आणि उकळी यायची वाट बघत उभे असताना बाहेरचं बोलणं कानावर पडलं.

"अजून दोन-तीन रविवार येऊ," डॉक्टर हळू आवाजात सांगत होते. "मग कामाची सबब काढू. एकदम बंद केलं तर बरं दिसणार नाही."

"माणूस एकटा आहे हो," बाई म्हणाल्या.

मेहुणी काहीच बोलली नाही. तेच भावोजींना जास्त लागलं. चहा उतू गेला. शेगडी पुसता पुसता त्यांच्या लक्षात आलं की डॉक्टर मेलेल्या लांडग्याला का चावू देतात. पूर्वी याच डॉक्टरांनी अर्ध्या जखमेवरून बायकोशी चहा गार होईपर्यंत वाद घातला होता. आता ते आजाऱ्याला भेटायला यावं तसे येत होते, आणि आजारी माणसाशी कोणी भांडत नाही.

रविवार बंद झाला तर आठवड्यात उरणार काय, हा हिशोब भावोजींनी केला नाही. त्यांनी लढाई सांभाळणारं ॲप घेतलं.

ॲप मोठं हुशार होतं. टॅबलेटवर चालायचं, चित्र टीव्हीवर दाखवायचं आणि पाळ्या, जखमा, जीव सगळं स्वतःच लक्षात ठेवायचं. शिवाय मराठी बोललेलं त्याला कळायचं. भावोजींची बोटं जाड, एक बटण दाबायला जावं तर तीन दाबली जायची. म्हणून त्यांनी 'फक्त बोलून चालवा' हे निवडलं. मग ॲपने बोटांकडे बघायचंच सोडून दिलं.

आठवडाभर त्यांनी रिकाम्या टेबलाशी सराव केला. "बुटका आला," म्हटलं की टीव्हीवर दाढीवाला बुटका राक्षस हजर. "बुटक्याने वार केला," म्हटलं की टॅबलेटमधली बाई अदबीने म्हणायची, "वार लागला आहे." सरावात त्यांनी एकही बुटका मारला मात्र नाही. एकट्याने बसून कोणाला कशाला मारायचं, असं त्यांना वाटलं. खोलात ते शिरले नाहीत.

रविवारी मंडळी आली आणि टीव्हीवर गुहा बघून थबकली.

"अरे वा!" डॉक्टर म्हणाले. त्यात दया नव्हती. भावोजींची छाती फुगली.

लढाई सुरू झाली. पाळ्या नेमक्या येत होत्या. बुटका एकच होता, पण दणकट. डॉक्टरांनी फासे टाकले, आकडा झकास पडला, तलवार बुटक्याच्या आरपार गेली. भावोजी टॅबलेटकडे झुकले आणि गाडीची घोषणा करावी तसे म्हणाले, "बुटका मेला."

"बुटक्यांचा मेळा आला आहे," टॅबलेटमधली बाई म्हणाली.

टीव्हीवर बुटक्यांची रांग उभी राहिली. मेलेलाही उठून त्यांच्यात सामील झाला.

"हे असंच ठरलेलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो तर," भावोजी म्हणाले. "मागे लपून बसले होते."

इथे खरं बोलले असते तर पुढचं टळलं असतं. पण फुगलेली छाती इतक्या लवकर कोण खाली करतो?

बाईंनी अंधारातून सुरी फेकली. एक पडला. "हा बुटका मेला," भावोजी या वेळी जरा घाईने म्हणाले. आणखी एक मेळा आला. मेहुणीने मग आगीचा लोळ सोडला आणि पुढची रांगच्या रांग भाजून काढली. भावोजींना हुशारी सुचली. एकेकाचं नाव घेण्यापेक्षा सगळ्यांचं एकदम सांगावं.

"बुटके मेले!"

"बुटक्यांचे मेळे आले आहेत."

आता बुटके मोहरीएवढे दिसत होते, कारण एवढे मावायला ॲपने गुहा लांब नेली होती.

"भावोजी," मेहुणी म्हणाली, "आपण मारतोय की पेरतोय?"

डॉक्टरांनी टॅबलेट ओढून घेतला, "मदत!" म्हणून ओरडले आणि उघडलेलं पान वाचून दाखवलं. "हे बघा. 'एका जातीचे पुष्कळ राक्षस एकदम आणण्यासाठी मेळा असे म्हणावे.' मेळा? टोळी म्हणायला काय झालं होतं यांना?"

"भावोजींचा ल घसरतोय," बाई म्हणाल्या. त्या नेहमीच वाचनालयात बसल्यासारख्या बोलत.

"मी ल च म्हणतोय! मेला! मेला!"

"मेळा आला आहे. मेळा आला आहे."

"गप्प बसा हो!" डॉक्टर ओरडले आणि लगेच त्यांच्यातला दातांचा डॉक्टर जागा झाला. "आ करा बघू." त्यांनी फोनचा दिवा भावोजींच्या तोंडात मारला. "हा पुढचा दात कधी पडला?"

"आआ आहिन्यात."

"आणि मला सांगितलं नाहीत? दर रविवारी मी समोर बसतो!"

भावोजींनी तोंड मिटलं. "तुम्ही इतकं चांगलं वागत होता. म्हटलं, उगाच त्रास कशाला."

डॉक्टरांनी फोनचा दिवा विझवला. त्यांनी घसा साफ केला, टॅबलेट तोंडाजवळ धरला आणि बत्तीसच्या बत्तीस दातांनिशी म्हणाले, "बुटका मेला."

"बुटक्यांचा मेळा आला आहे."

"दाताचा दोष नाही," डॉक्टर पडलेल्या आवाजात म्हणाले.

मग मरणाला दुसरा शब्द शोधणं आलं. भाषेत अशा शब्दांचा तुटवडा नव्हता. बाईंनी सुचवलं, "वारला म्हणून बघा." ॲपला त्यात फक्त 'वार' ऐकू आलं आणि बुटक्याने बाईंच्याच चोराला भोसकलं. मेहुणी म्हणाली, "खलास!" गुहेत एक खलाशी आला. वल्हं घेऊन तो बुटक्यांच्या मधोमध उभा राहिला आणि आपल्या पाळीची वाट बघू लागला. "संपला," डॉक्टर म्हणाले. "सापळा लावला आहे," टॅबलेटमधली बाई म्हणाली, आणि पुढच्याच पाळीला डॉक्टरांचा तलवारबाज त्या सापळ्यात कमरेपर्यंत अडकला.

"बाजूला व्हा," भावोजी म्हणाले. "मी साधंच सांगतो." टॅबलेटकडे बघून ते हळू म्हणाले, "बुटका गेला."

टीव्हीवरचा एक बुटका खरंच नाहीसा झाला. सगळ्यांनी श्वास सोडला.

"बुटका गेला आहे," टॅबलेटमधली बाई म्हणाली. "थोड्या वेळाने परत येईल."

मेहुणी खिडकीकडे बघू लागली.

"यंत्र आहे ते," भावोजी म्हणाले. "त्याला काय कळतंय."

बुटका थोड्या वेळाने परत आला. त्याला बघून मेहुणीचा तोल सुटला. "अरे मेल्या!" ती टॅबलेटवर ओरडली. "मेल्या, तुला किती वेळा मारायचं?"

मेळ्यावर मेळा आला. खलाशाला उभं राहायला जागा उरली नाही.

इथून पुढे खेळ भावोजींच्या हातात नव्हता. ॲपने एवढ्या सगळ्या बुटक्यांच्या पाळ्या बिनचूक आणि न थकता घेतल्या. सापळ्यातला तलवारबाज सगळ्यात जवळ होता. त्याचा जीव भराभर उतरला, आणि टॅबलेटमधल्या बाईने अदबीने विचारलं, "तलवारबाज मेला का? हो किंवा नाही सांगा."

म्हणजे हा शब्द तिला येत होता!

"नाही!" डॉक्टर ताडकन उठले. "अजिबात नाही! सापळा मी लावलेला नाही!"

"तुम्हीच तर संपला म्हणालात," बाई म्हणाल्या.

"तुमच्या बाजूने बोलत होतो, बाई!"

"मला भोसकलं तेव्हा कोणी बोललं नाही माझ्या बाजूने!" बाईंचा आवाज इतका चढला की त्या स्वतःच दचकल्या, पण थांबल्या नाहीत. "मी बापडी कोपऱ्यात! माझ्याकडे एक सुरी! आणि हा खलाशी नुसता बघत उभा!"

"खलाशी माझा आहे," मेहुणी म्हणाली. "मी बोलावला. त्याला मी हलवणार."

"मी इथे मरतोय आणि तू वल्हेवाला कसला हलवतेस?" डॉक्टर ओरडले. "भावोजी, तुम्ही निकाल द्या. नाही, तुम्ही काहीच बोलू नका! एक बुटका मारायचा होता, एक! तुम्हाला काही अक्कल आहे का हो?"

किती तरी महिन्यांत हे भावोजींना कोणी विचारलं नव्हतं. पूर्वी ते घरच्या घरी रोज विचारलं जायचं, आणि ते रोज म्हणायचे, "नाही."

"नाही," ते म्हणाले.

"तलवारबाज मेलेला नाही," टॅबलेटमधली बाई म्हणाली. एवढ्या गोंगाटात तिला पहिल्यांदाच नीट 'नाही' ऐकू आलं होतं. "जीव पूर्ण भरला आहे."

"हा अन्याय आहे!" बाई किंचाळल्या, आणि टीव्हीची पिन उपटून त्यांनी टॅबलेट उशीखाली कोंबला. उशीतून बराच वेळ अदबशीर आवाज येत राहिला.

टेबलावर पुन्हा फासे आले. पण मेहुणी भावोजींच्या हातात ते देईना. तीच बसली निवाडा करायला. खलाशाला वल्ह्याने एक बुटका पाडता येतो की नाही, यावर डॉक्टर आणि ती इतके भांडले की चहा दोनदा गार झाला. भावोजींनी तिसऱ्यांदा केला. मधेच डॉक्टरांच्या घरून फोन आला. "नाही येत आत्ता," डॉक्टर म्हणाले. "जेवून घ्या तुम्ही. इथे माझी लबाडीने कत्तल चालली आहे."

उठताना काळोख पडला होता. चपला घालता घालता मेहुणी म्हणाली, "भावोजी, स्पष्ट सांगते. पुढच्या रविवारपासून लढाई, गोष्ट, सगळं मी सांगणार. तुम्ही त्या खुर्चीवर बसायचं नाही. तुम्हाला जमत नाही."

"पुढच्या रविवारी येणार आहात का?" भावोजींनी विचारलं.

"म्हणजे काय?" डॉक्टर म्हणाले. "मी अजून सापळ्यात आहे. आणि सोमवारी दवाखान्यात या. दात बसवून टाकू."

"तुम्हीही वीर व्हा आमच्याबरोबर," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बसला होता. "कोण होणार?"

भावोजींनी विचार केला. "मला असा कोणीतरी द्या, ज्याला फारसं काही येत नाही. पण बाकीचे त्याला सोबत नेतात."

"मग असा वीर घडवायला फासे कशाला टाकायचे?" मेहुणी म्हणाली. "तो तयारच आहे की."

डॉक्टर हसले, बाई हसल्या. जिना उतरतानाही ते वल्ह्यावरून भांडत होते. आवाज खाली रस्त्यावर जाऊन कोपऱ्यावर वळेपर्यंत भावोजी दार उघडं धरून उभे होते. मग ते आत आले आणि कपबशा गोळा करू लागले.