दोन मजल्यांचं वादळ

हवामान कचेरीत वादळांची वाटणी फार पूर्वीच झाली होती. ज्याचा गाभा गरम आणि जे खांबासारखं ताठ उभं, ते पहिल्या मजल्याचं. ज्याचा गाभा थंड आणि जे वर जाता जाता एका अंगाला कलतं, ते दुसऱ्या मजल्याचं. आजवर एकाही वादळाने मजला चुकवला नव्हता.

त्या सकाळच्या वादळाला मात्र काही शिस्तच नव्हती. खाली गरम, वर गार, आणि वर अंमळ कललेलंही. निरीक्षकबाई नकाशा घेऊन साहेबांकडे धावल्या. त्यांचा धाकटा भाऊ दुपारी मासेमारीला निघणार होता, आणि कचेरीचा इशारा निघाल्याशिवाय बंदर काही बंद होत नसे.

पहिल्या मजल्यावरच्या साहेबांनी नकाशा उभा-आडवा करून पाहिला. एक कललेलं वादळ ठेवून घेतलं तर उद्या कुणीही कलंडलेलं काहीही आणून टाकील, असं त्यांचं म्हणणं पडलं. दुसऱ्या मजल्यावरच्या साहेबांना खालची ऊब खपेना. बाई वाऱ्याचा वेग सांगू लागल्या, तर ते म्हणाले, "वेगाचं सोडा हो. आधी हे कुणाचं ते ठरू दे."

शेवटी संचालकांनी तोडगा काढला. वादळ मधोमध कापायचं. खालचा भाग पहिल्या मजल्याला, वरचा दुसऱ्याला, वेगही निम्मा-निम्मा. कुणावर अन्याय नको. दोघा साहेबांनी आपापला वाटा तपासला, तर दोन्ही अर्धी इशाऱ्याच्या मर्यादेच्या पुष्कळ खाली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला आणि चहा आला.

बाईंनी भावाला फोन लावला. तिकडे वारा इतका घोंघावत होता, की त्याचं बोलणं धड ऐकू येईना.

"अरे, बोट सोडू नकोस. मोठं वादळ येतंय."

"इशारा कुठं आहे, ताई?"

"इशारा गेला खड्ड्यात. तू आधी वर बघ."

"बघतो, थांब," म्हणत त्याने मोबाइलमध्ये हवामान बघितलं. जिथं इशारा नाही तिथं आपोआप सूर्य उगवावा, ही याच कचेरीने केलेली सोय. "लख्ख ऊन दाखवतंय. उगाच घाबरवतेस."

पाठोपाठ इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. बाईंना रडूच कोसळलं.

आता तुम्ही म्हणाल, काय येडा माणूस आहे. खरंय. तुम्ही आज छत्री घ्यायची की नाही, हे खिडकीबाहेर बघूनच ठरवलंत ना?